पहिलं ताट

भागिरथा पुन्हा ताटावरून उठली.

ती बसली होती, घासही हातात घेतला होता. तेवढ्यात उभी राहिली, ओट्यापर्यंत गेली, परत येऊन बसली. पुन्हा उठली. स्क्रीनच्या कोपऱ्यात तिच्या भुकेची पट्टी होती. ती पिवळी होती, आता लाल झाली.

धम्मदीपाने खेळ सेव्ह न करता बंद केला.

"राहू दे ना पोरी," मागून पुंजाजी म्हणाले. ते भिंतीला टेकून जेवत होते. "तुही आई तशीच होती. ताटावर बसली का कोणाले तरी मीठ लागे."

"राहू कशी देऊ बाबा? उपाशी मरते ना ती अशानं."

पुंजाजींनी ताटातली भाकरी मोडली.

घर बांधायचं, माणसं ठेवायची, त्यांचा संसार चालवायचा, असा तो कॉम्प्युटरवरचा खेळ होता. आजारपणात पडून पडून आई कंटाळायची, म्हणून धम्मदीपाने तिला तो शिकवला. आईने, भागिरथाने, त्यात आपलं घर बांधलं. दार निळं केलं. स्वतः, नवरा आणि मुलगी अशी तीन माणसं ठेवली. अंगणात पेरूचं झाड हवं म्हणून हट्ट धरला. पेरू त्या खेळात नव्हता. मग धम्मदीपाने पेरूचा मॉड शोधून टाकला. खेळात मुळात नसलेली वस्तू किंवा सवय आणणारी छोटी फाईल म्हणजे मॉड. पेरूनंतर बाज आली, चूल आली, लुगडं आलं.

हिवाळ्यात आई गेली. खेळातलं घर तसंच राहिलं. संध्याकाळी धम्मदीपा ते उघडायची आणि पुंजाजी बाजूला बसून पाहायचे. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत.

आता आठवडाभर त्या घरातली आई जेवत नव्हती. ती उपाशी राहिली असती तर खेळाने तिला मारलं असतं. खेळाचा नियमच तसा होता. सगळं पुसून नवं घर बांधता आलं असतं, पण ते आईच्या हातचं नसतं.

रविवार होता. धम्मदीपा दुपारपासून त्या बिघाडाच्याच मागे होती. तिने निम्मे मॉड बाहेर काढले, तर आई नीट जेवली. ते परत ठेवून उरलेले निम्मे काढले, तरी आई नीट जेवली. म्हणजे कोणताही एकच मॉड बिघडलेला नव्हता. कोणत्या तरी दोघांची आपसात टक्कर होत होती. मग ती एकेक काढून पाहू लागली. खेळ सुरू व्हायला वेळ लागायचा, तेवढ्यात तिने भाकरी थापल्या, वांग्याची भाजी टाकली, पुंजाजींना वाढलं.

"तू घे ना," ते म्हणाले होते.

"तुमी जेवा. मी मंग जेवीन."

शेवटी दोनच मॉड उरले. त्यातला एक तिचा होता. आई गेल्यावर तिने तो गुपचूप टाकला होता. घरातल्या कोणत्या माणसाला आधी ताटावर बसवायचं, एवढंच तो ठरवायचा. तिने आईला निवडलं होतं.

दुसरा तिने टाकलेला नव्हता. तिने तो उघडून पाहिला. त्याचंही काम जवळपास तेच होतं. स्वयंपाक झाला की घरातल्यांनी हातातलं सोडून उठायचं आणि निवडलेल्या माणसाला पहिलं ताट नेऊन द्यायचं. तिथंही आईच निवडलेली होती. एक मॉड तिला ताटावर बसवायचा; तीही घरातलीच, म्हणून दुसरा तिलाच ताट न्यायला उठवायचा. दोघांच्या मध्ये ती उपाशी राहायची.

"बाबा, हा मॉड कोणी टाकला?"

पुंजाजी भाकरीचा तुकडा भाजीत फिरवत राहिले. जऊळक्याला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. दिवसभर ते लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे. घरी मात्र म्हणायचे, मले त्या खेळातलं काय समजते.

"म्या टाकला," ते म्हणाले. "तू ड्यूटीवर गेली होती. जिती होती तवा आपल्याआधी कधी जेवली नाई ती. म्हटलं, तिथं तरी जेवू दे."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तुनं मले सांगतलं होतं?"

धम्मदीपाला हसू आलं. हसता हसता तिने डोळे पुसले.

"कोणाचा काढू आता?"

"माहा काढ. तुहा राहू दे."

तिने थोडा विचार केला आणि स्वतःचा काढला.

खेळ सुरू झाला. निळ्या दाराच्या घरात स्वयंपाक झाला. खेळातले पुंजाजी बाजेवरून उठले, ओट्यापाशी गेले, ताट वाढलं आणि भागिरथासमोर नेऊन ठेवलं. ती बसली. उठली नाही. एकेक घास खात राहिली. लाल पट्टी पिवळी झाली, मग हिरवी.

"जेवली पाह्य," पुंजाजी हळूच म्हणाले.

धम्मदीपाने आता खेळ सेव्ह केला. मग ती उठली. "थांबा, तुम्हाले गरम भाकर आणून देतो."

पुंजाजींनी तिच्या पाठोपाठ स्वयंपाकघरात पाहिलं. ओट्याच्या कडेला एक ताट पालथं ठेवलेलं होतं. कोरडं. भागिरथाचं ताटही सगळ्यांचं होईपर्यंत तिथंच, तसंच पालथं असायचं.

ते अर्ध्या जेवणावरून उठले. हात धुतला. आत जाऊन ते ताट उचललं आणि सुलटं केलं.

"तू बस," ते म्हणाले.

"अहो बाबा, मी घेईन ना मंग—"

"बस म्हणतो ना."

ती पाटावर बसली. पुंजाजी रिकामं ताट हातात धरून ओट्यासमोर उभे राहिले. त्यांनी एका डब्याचं झाकण उघडलं, ते तांदूळ निघाले. दुसऱ्यात साखर होती.

"दीपे," त्यांनी मागे न पाहता विचारलं, "आपल्या घरी भाकरी कशात ठेवतेत वं?"