अंगावरचं लेकरू

पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात बाहेर बाळ रडायला लागलं. गौतमीनं आवाज ओळखला. तिचीच पोरगी होती.

धरणामागच्या वाडीतून ती पहाटेच्या एसटीनं निघाली होती. बी.ए.चा शेवटचा पेपर. सोबत सासू आणि तान्ही मुलगी. चढावर गाडी बंद पडली. पिरंगुटच्या परीक्षा केंद्रावर पोचेपर्यंत घंटा झालेली. पोरीला पाजायचं राहूनच गेलं.

रडणं वाढत गेलं. गौतमीची छाती दाटून आली, ब्लाउज ओला झाला. तिनं पदर पुढं ओढला आणि हात वर केला.

"मॅडम, जरा जाऊन येऊ का? लेकरू अंगावरचं हाय."

वर्गावर उषा मॅडम होत्या. सकाळपासून उभ्या राहून त्यांचे पाय भरून आले होते. त्यांनी दाराकडं पाहिलं, मग गौतमीकडं.

"कळतंय गं मला. पण एकदा बाहेर गेलीस की परत आत घेता येत नाही. विद्यापीठाचा नियम आहे. जायचंच असेल तर पेपर देऊन जा."

म्हणजे आणखी एक वर्ष. गौतमी उठली आणि तशीच बाकाला धरून उभी राहिली.

खिडकीत सासू आली. गोजराबाई. खांद्यावर पोर लालबुंद झालेलं.

"खाली बस," ती म्हणाली. "आज उठलीस तर पुन्यांदा घरातनं निगू देनार न्हाई मी."

आणि पोरीला घेऊन ती उतारानं चालू लागली. रडणं लांब गेलं. मग ऐकूच येईना. गौतमी बसली, लिहीत राहिली. आपण काय लिहितोय, तिचं तिला कळत नव्हतं.

पेपर सुटला तशी ती धावत उतार उतरली. एका बंद दुकानाच्या पायरीवर गोजराबाई भिंतीला टेकून बसली होती. शेजारी दुधाची बाटली, पोरीनं तोंडच न लावलेली, तशीच भरलेली.

गौतमीनं सासूचा पदर बाजूला केला. पोरगी आजीच्या वाळल्या छातीला लागली होती. डोळे मिटून ओढत होती.

"आत्याबाई, अवो..."

"वरडू नगंस. आत्ताच गप झालीया." गोजराबाईनं डोळे उघडले नाहीत. "काय बी न्हाई त्यात. पर वढतीया बिचारी, येईल म्हनून."