न गिळलेला घोट

“श्रावणात तरी रजा टाक, केतकी,” तिचे सासरे, दादा म्हणाले. दादांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. बागेतली द्राक्षं मात्र ते वायनरीलाच घालत. सून तिथेच वाइन चाखायची नोकरी करायची. नातेवाइकांत ते ‘सरबताच्या कारखान्यात आहे’ असं सांगत.

“चाखणं श्रावणातही थांबत नाही. पण दादा, गिळत नाही हो. तोंडात घोळवायची, चव टिपायची, थुंकायची.”

दादांचा चहाचा कप अर्ध्यात थांबला. “आपल्या द्राक्षांचीपण?”

“सगळ्यांचीच.”

“मी पोरांसारखी जपलेली द्राक्षं तू थुंकतेस?”

दादांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात श्रावण कधी संपतो ते पाहिलं.

“श्रावण संपला की दुसऱ्या दिवशी आपल्या द्राक्षांची बाटली घरी आण,” ते गुरगुरले. “या घरात कुणी अन्न थुंकत नाही.”