भिंतीचे साठ फोटो

"बोल की आता! घरी तर तोंडाचा पट्टा थांबत नाही," नवरा खेकसला.

बायको मान खाली घालून बसली होती. समुपदेशक बाईंनी शिरस्त्याप्रमाणे दोघांपुढे पत्र्याचा डबा धरला. या खोलीत फोन डब्यात जायचे.

"माझा गाडीत आहे," नवरा म्हणाला. "मला नाहीत असली थेरं. हिचाच ठेवा. बघा, कसा जीव जातो ते."

खरंच, फोन डब्यात पडला आणि तिचा चेहरा उतरला. दाव्याला बांधलेल्या वासराकडे गायीनं ओढ घ्यावी, तशी तिची नजर सारखी डब्याकडे जायला लागली.

"दिवसाला साठ फोटो काढते. कशाचे? भिंतीचे, घड्याळाचे, स्वतःच्या चपलांचे! पोरगी तापानं फणफणलेली, आणि आईसाहेब चपलांचे फोटो काढतायत. तुम्ही फक्त लिहून द्या, हिला व्यसन लागलंय म्हणून. पोर कोणाकडे ठेवायची ते कोर्ट बघेल."

बाईंनी पेन उघडलं. असल्या आया त्यांनी ढिगानं पाहिल्या होत्या. कणव यायची ती लेकरांची.

"तुम्ही जरा बाहेर थांबा. मला यांच्याशी एकटीशी बोलायचंय."

"खाली गाडीत बसतो. आटपा लवकर." दार धाडकन आपटलं.

"पोटच्या पोरीपेक्षा फोन लाडका?" बाईंनी तुटकपणे विचारलं.

"नाही हो."

"मग सोडत का नाही?"

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. "किती वेळ झाला ह्यांना जाऊन?"

"तीन मिनिटं. का?"

डबा खडखडला. ती ताडकन उभी राहिली.

"बसा खाली!"

डबा पुन्हा खडखडला. मग आणखी एकदा.

"द्या ना हो," ती रडकुंडीला आली. "नुसता घड्याळाचा फोटो काढून पाठवते, लगेच परत ठेवते. पाया पडते तुमच्या."

बाईंचं डोकं फिरलं. 'मुलीचा ताबा देण्यास अयोग्य,' त्यांनी लिहिलं, खाली फर्राटेदार सही ठोकली आणि कागद घेऊन खिडकीशी गेल्या. त्या नवऱ्याला वर बोलवावं आणि एकदाचं मोकळं व्हावं.

खाली गाडीची काच उघडी होती. नवरा मान खाली घालून बसला होता. हातात फोन, अंगठा भराभर चाललेला.

अंगठा थांबला.

बाईंच्या पाठीमागे डबा खडखडला.