कोण वाजवतंय?

"थांबा!"

अंबाजी सरांची छडी वर गेली. ढोल थांबले, झांजा थांबल्या, मुलींच्या बासऱ्या गप्प झाल्या. एक बारीक शिट्टी मात्र मागं रेंगाळली. उंच, बेसूर, डोक्यात घुसणारी. सर वळेपर्यंत सगळ्या बासऱ्या खाली आलेल्या.

"कोण वाजवतंय अजून?"

आठवडाभर हेच चाललं होतं. सव्वीस जानेवारी तोंडावर आली होती, तालुक्याच्या संचलनात शाळेचा बँड सगळ्यांत पुढं चालायचा होता, आणि रांगेतली कुणीतरी रोज तालमीचा विचका करत होती. सर रांगेसमोरून सावकाश चालत गेले. लोहगडवाडीहून येणाऱ्या हर्षदापाशी त्यांना शिट्टी जास्त जवळ वाटली.

"तू गं?"

हर्षदानं शेजारच्या किरणकडं पाहिलं. मग मान खाली घातली. "व्हय सर. मीच."

"ठेव ती बासरी. उद्यापासून तालमीला येऊ नकोस."

तिनं बासरी ओढणीनं पुसली, टेबलावर ठेवली आणि दप्तर उचलून गेली. तिनं रडून गयावया केली नाही, हे सरांना खटकलं.

सरांची तीस वर्षं लष्कराच्या बँडमध्ये गेली होती. तिथं साठ वाद्यांतलं एक बेसूर वाद्य ते पाठमोरे उभे राहून ओळखायचे. निवृत्त होऊन मावळात परतले, वर्षभरात बायको गेली, मुलगा नोकरीसाठी नाशिकला राहिला. शाळेतली ही संध्याकाळची तालीम, एवढंच काय ते उरलं होतं. शाळा त्यांना एकेका वर्षाच्या बोलीवर ठेवत होती, आणि हेडमास्तर अलीकडं सारखे म्हणायचे, "सर, स्पीकर लावला तरी मुलं पावलं टाकतातच की."

दुसऱ्या दिवशी हर्षदा नव्हती. शिट्टी होती.

"माझीच फुंकर चुकती, सर," किरण म्हणाली. तीही गेली. तिसऱ्या दिवशी सर प्रतीक्षाकडं नुसते वळले, तोच तिनं बासरी पुढं केली. "मीच, सर." सर चरकले. मुलींच्या डोळ्यांत भीती नव्हती. त्या त्यांच्याकडं टक लावून पाहत होत्या, आणि त्या पाहण्यात असं काहीतरी होतं की सरांनीच नजर काढून घेतली. पोरी आपली थट्टा करताहेत, असं त्यांच्या मनानं घेतलं.

मग शिट्टी घरी येऊ लागली. जेवायला बसलं की यायची, देवापुढं बसलं की यायची. दिवसभर ऐकलेलं कानात राहतंच, असं ते स्वतःला समजावत. पण शाळा सुटायची वेळ झाली की त्यांची पावलं तालमीकडं वळायची नाहीत. चाळीस मुलं समोर उभी असायची, आणि सर वाजवणाऱ्यांकडं बघायचे सोडून न वाजवणाऱ्यांचे ओठ तपासत राहायचे.

रविवारी भर दुपारी त्यांनी बँडची खोली उघडली. बासऱ्यांना तेल लावून ठेवावं म्हणून आले होते. सगळ्या बासऱ्या टेबलावर ओळीनं मांडल्या. खिडक्या बंद होत्या. मैदानात चिटपाखरू नव्हतं.

आणि शिट्टी सुरू झाली.

त्यांनी पहिल्या बासरीवर तळहात दाबला. मग दुसरीवर. एकेक करत टोकाच्या बासरीपर्यंत गेले. शिट्टी थांबेना. दार उघडून व्हरांड्यात डोकावले. कुणी नाही. "कोण आहे?" ते ओरडले. शेवटी सहनच होईना, तेव्हा लहान मूल घालतं तशी त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली.

शिट्टी आणखी मोठी झाली.

त्यांनी बोटं सावकाश काढून घेतली. मग खोलीला कुलूप न घालताच त्यांनी मोटारसायकल काढली आणि थेट लोहगडवाडी गाठली. रविवारची गडावर जाणाऱ्यांची गर्दी होती. हर्षदाची आई सावित्राबाई टपरीत भजी तळत होती, हर्षदा गिऱ्हाइकांना सरबत देत होती. सरांना बघून ती जागच्या जागी थबकली.

सर बाकावर टेकले. "पोरी, तुझी चूक नव्हती. त्या दोघींचीही नव्हती. ती शिट्टी माझ्याच कानात आहे. कान गेले माझे." त्यांनी डाव्या कानाला हात लावला. "उद्या हेडसरांना सगळं सांगतो. तुम्ही तिघी तालमीला या. मी घरी बसतो."

"नका सांगू, सर!" हर्षदानं हातातला पेला तसाच फळीवर ठेवला.

"अगं, पण तू वाजवलं नव्हतंस, तर 'मीच' कशाला म्हणालीस?"

ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी होती. वळसा घालून उजवीकडं आली, त्यांच्या कानाशी वाकली आणि एकेक शब्द सुटा करून बोलू लागली.

"तुमाला नीट ऐकू येत न्हाई, हे आमाला दिवाळीपासनं ठावं हाय. शाळंची बेल व्हायची, तुमाला कळायचं न्हाई. तुमी नसलेली शिट्टी ऐकाया लागलात, तवा आमी बासरीवाल्या पोरींनी ठरवलं. सर जिच्याकडं बोट करतील, तिनं 'व्हय' म्हनायचं. न्हाई म्हनलं असतं, तर तुमच्या कानांचं हेडसरांना कळलं असतं अन् त्यांनी तुमाला काढलं असतं."

सर बाकावरून उठले. ते रागावले, असं वाटून ती घाईघाईनं म्हणाली, "आमी आठजनी हाय, सर. सव्वीस जानेवारीपर्यंत पुरलो असतो."