नाकावरचा साबण

“नीरजाताई, या परिच्छेदाखाली निळी रेघ आली आहे,” संपादक टिपणीस म्हणाले. “म्हणजे हा प्रसंग तुमच्या आठवणीतला आहे.”

हल्ली कथा छापण्याआधी लेखकाला ती यंत्रासमोर बसून वाचावी लागे. तो वाचत असताना यंत्र त्याच्या मेंदूचा ठाव घेई आणि कल्पनेखाली हिरवी, आठवणीखाली निळी रेघ ओढी.

नीरजाताईंनी कागद जवळ घेतला. पडवीत दाढी करणारा एक बाप शीळ घालता घालता छोट्या मुलीच्या नाकावर साबणाचा फेस लावतो, एवढाच तो प्रसंग होता.

“अहो, हे मी रचलंय,” त्या म्हणाल्या. “माझे वडील गेले तेव्हा मी अडीच वर्षांची होते. मला त्यांचा चेहरासुद्धा आठवत नाही. असा बाप असता तर, असं वाटून लिहिलं.”

“यंत्र अजून तरी चुकलेलं नाही,” टिपणीस हळूच म्हणाले.

घरी येताच नीरजाताईंनी खामगावला थोरल्या भावाला फोन लावला. वडील गेल्यावर आईला त्रास होतो म्हणून घरात कुणी त्यांचा विषयच काढत नसे, आणि पुढे तीच सवय राहून गेली होती.

“दादा, बाबा दाढी करताना माझ्या नाकाला फेस लावायचे का रे?”

 पलीकडून सत्तरीतल्या दादाचा आवाज आला, ओला झालेला.

“रोज लावायचे. नीरू, मला वाटायचं, आता ते एकट्या मलाच आठवतात.”