मामाचा उष्टा घास

ओवीला मांडीवर घेऊन गिरिधर पाटावर बसला खरा, पण त्याचा पाय हलायचा थांबेना.

"चला मामा, आधी तुम्ही चाखा," ताईच्या सासूबाई म्हणाल्या.

साऱ्या धान्यात बुरशी शिरली होती आणि तिचं विष शिजवूनही जात नव्हतं. ते पचवणारे जंतू आता माणसांच्या तोंडात आणि पोटात वस्तीला होते. ते नसले, की अन्न कडू लागे आणि प्रत्येक घासागणिक विष अंगात भिनत जाई. बाळाला ते उष्टावणाच्या दिवशी मामाच्या उष्ट्या चमच्यातून मिळत. मगच बाळ अन्नाला लागे.

दाढ सुजली म्हणून गिरिधरने परस्पर अँटिबायोटिक घेतलं होतं. तपासायला गेलो आणि जंतू मेलेले निघाले, तर उष्टावणाचा मान चुलतभावाला जाईल, म्हणून तो गेलाच नाही. भाकरी कडू लागायला लागली, तेव्हा औषधाने तोंडाची चव गेली असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि जेवत राहिला.

त्याने खीर चाखली. कडूजहर.

ओवीने आ केला. तिच्या ओठांपाशी नेलेला चमचा त्याने मागे घेतला.

"ताई, खीर कडू लागतेय."

आता ताई सगळ्यांसमोर फाडफाड बोलणार, म्हणून त्याने मान खाली घातली. ताईने ओवीला उचलून सासूबाईंकडे दिलं आणि ती त्याच्यासमोर खाली बसली.

"गिरू," तिने त्याची हनुवटी वर केली, "तू कधीपासून कडू जेवतोयस?"