आतलं सोवळं

“तुरटीच्या पाण्यानं आतूनही धुवायचं गो, रोज. मगच देवाला शिवायचं.”

दर्शना लग्न होऊन घरात आली, तेव्हा सासूनं, मालननं, न्हाणीच्या दाराशी तिला हे सांगितलं होतं. अगदी हळू. मालनचा आवाज कधी चढतच नसे. आज खेडच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसल्यावर मात्र आपलाच तो हळू आवाज तिला सगळ्या खोलीत ऐकू येत होता.

डॉक्टरीणबाई पडद्यामागून हात पुसत आल्या. मागोमाग दर्शना, साडी सावरत.

“गर्भाशयाच्या तोंडाला सूज आहे. इतकं पांढरं जातंय, आग होतेय, आणि तू दोन पावसाळे गप्प? आत कशानं धुतेस?”

“तुरटीनं.”

“कुणी शिकवलं?”

मालनच्या बोटांतली जपमाळ थांबली. सुनेच्या अंगावरून जातं, हे तिला कधीच कळलं होतं. तेव्हा तिनं काय केलं? ‘तू नीट धूत नाहीस’ म्हणून दोन्ही वेळा धुवायला लावलं. वर देवघराचा उंबरा बंद केला. गणपतीतसुद्धा पोर ओटीवरूनच हात जोडत होती.

“कुणी नाही,” दर्शना म्हणाली. “माहेरी ऐकलेलं.”

मालननं मान वर केली नाही.

“अगं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तिथं आपले भले जंतू असतात. दही लावणाऱ्या जंतूंच्या नात्यातले. ते आंबटपणा राखतात, म्हणून वाईटांचं फावत नाही. तू राखणदारांनाच रोज हाकलून देतेस, आणि मग चोर आला म्हणून रडतेस! आतून काही धुवायचं नाही. बाहेरून साधं पाणी पुरे. आणि थोडं पांढरं जाणं म्हणजे विटाळ नव्हे.” त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. आतला नमुना तपासायला पाठवते म्हणाल्या. मग मालनकडे वळल्या. “तुम्हीही एकदा तपासून घ्या. त्या जागेचं दुखणं पुष्कळदा दुखत नाही, म्हणून फसवतं.”

“मला काही नाही,” मालन घाईनं म्हणाली.

परतीच्या एसटीत मालन माळेशी चाळा करत होती. मग म्हणाली, “माझं नाव का नाही घेतलंस गो?”

“तुम्ही काय वाईटासाठी सांगितलंत?” दर्शनानं गोळ्यांची पुडी पर्समध्ये ठेवली. मग हसली. “तुरटी आता ह्यांच्या दाढीपुरती. मुंबईला धाडून देऊ सगळी.”

मालनला हसू आलं नाही. ओरडली असती पोर, चारचौघांत नाव घेतलं असतं, तर बरं वाटलं असतं.

“आई, पण तुम्ही दाखवून या. मला शब्द द्या.”

“बघू.”

“बघू नाही. शब्द.”

मालननं तिच्या हातावर हात ठेवला. “दिला.”

सोमवार उजाडला. मालनचा उपास. तिनं साध्या पाण्यानं आंघोळ केली, फुलं काढून आणली आणि परडी चुलीपाशी बसलेल्या दर्शनाच्या पुढ्यात ठेवली.

“आज पूजा तू कर. मी खेडला जाऊन येते.”

दर्शना गडबडून उठली. दोन पावलं मागे सरली. परडीला हात लावेना.

“मी कशी करू, आई? गोळ्या चालू आहेत, पण माझं जाणं अजून थांबलं नाही.”

मालननं पायात वहाणा सरकवल्या.

“माझंही कुठं थांबलंय? लग्न झाल्यापासून,” ती हळूच म्हणाली, आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.